नाझरेथची वाट आणि महाविद्यालयाचा वर्ग

महाविद्यालयांतून जगातील धर्मांचा अभ्यास ज्या मार्गाने आला तो मार्ग सुपरिचित आहे. मॅक्स म्युलर यांनी १८७९ पासून काढलेली पौर्वात्य धर्मग्रंथांची माला, १८९३ ची शिकागोची सर्वधर्मपरिषद आणि संस्थापक, ग्रंथ, पंथ, सण अशी पुढे रूढ झालेली चौकट यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. या चौकटीत सिद्धांत नीट बसतात, परंतु श्रद्धावान मनुष्य प्रार्थनेला बसतो तेव्हा नेमके काय करतो, हे तिच्यात कोठेच येत नाही. आणि ख्रिस्ती अध्यात्म म्हणजे मुख्यतः तेच होय.

बाराव्या शतकातील कार्थुसियन मठवासी दुसरा गिगो याने ‘लेक्तिओ दिविना’च्या, म्हणजे पवित्र पठणाच्या, वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्या सांगितल्या. मराठी वाचकाला येथे श्रवण, मनन, निदिध्यासन आठवणे स्वाभाविक असले तरी या पठणात मननानंतर साधक देवाशी बोलू लागतो, हा भेद मोलाचा आहे. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला याने आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या चार आठवड्यांच्या क्रमात कल्पनेलाही साधन केले. येशूजन्माचे चिंतन करणाऱ्याने नाझरेथहून बेथलेहेमला जाणारी वाट डोळ्यांसमोर आणावी, ती किती लांब, किती रुंद, सपाट की दऱ्याटेकड्यांतून जाणारी हे न्याहाळावे, मग येशू जन्मला ती गुहा उंच की ठेंगणी हे पाहावे, असे तो सुचवितो.

याच साधनेत घडलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द येतो तेव्हा, ऐकणाऱ्याच्या मनातील जुना अर्थ पुसून न टाकता त्याच शब्दातून नवे दृश्य उभे करण्याचा कवीचा यत्न दिसतो. काही अभ्यासक या ग्रंथाला केवळ धर्मप्रसाराचे हत्यार म्हणून बाजूला सारतात. प्रसाराचा हेतू उघड आहे आणि पोर्तुगीज सत्तेची सक्तीही विसरता येत नाही. तथापि हेतू सांगितला म्हणजे ग्रंथ वाचून झाला, हे मत मान्य करणे कठीण आहे. नारायण वामन टिळकांच्या अभंगांनाही याच घाईने ‘धर्मांतरिताचे काव्य’ ठरवून मिटवून टाकले जाते.

१९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या व्हॅटिकनच्या घोषणेनंतर इतर धर्मांकडे आदराने पाहण्याचे दार कॅथलिक शिक्षणसंस्थांना अधिकृतपणे उघडले, आणि अभ्यासाला अनुकूल असा काळ आला. तरी आज सत्रपद्धतीच्या धावपळीत एकेक धर्म दोन तासिकांत उरकला जातो, मूळ ग्रंथ वर्गात उघडला जात नाही आणि परीक्षेपुरत्या टिपणांनाच तौलनिक अभ्यास म्हटले जाते, ही खेदाची गोष्ट आहे. शांताराम बंडेलू यांची १९५६ ची देवनागरी आवृत्ती असताना ‘ख्रिस्तपुराणा’चे पान न पाहता मराठी विद्यार्थी पदवीधर व्हावा, याचे समर्थन कसे करणार? एका तासाला येशूजन्माच्या दहाच ओव्या घ्याव्यात, त्या मोठ्याने म्हणाव्यात, अडलेला शब्द सोडवावा, आणि मग थोडा वेळ कोणी काही न बोलता त्या वाटेकडे पाहावे.