आडव्या झाडांची साक्ष

दिव्याच्या उजेडात उभे राहिले की आपली सावली दिव्यापासून दूरच्या बाजूला पडते, हे आपण सारेच पाहतो. एवढ्याशा निरीक्षणाचा वापर करून एका प्राध्यापकांनी अणुस्फोटाची जागा शोधली, आणि तीच दृष्टी पुढे विमानप्रवाशांच्या उपयोगी पडली.

९ ऑगस्ट १९४५ रोजी दुसरा अणुबॉम्ब जपानमधील कोकुरा शहरावर पडायचा होता. ढग आणि धूर यांमुळे लक्ष्य दिसेना, म्हणून विमान नागासाकीकडे वळले. कोकुराजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तेत्सुया फुजिता (१९२०–१९९८) हे तरुण प्राध्यापक शिकवत होते. ते यंत्र अभियांत्रिकीचे पदवीधर. ढगांमुळे वाचलेले हे प्राध्यापक काही आठवड्यांनी विद्यार्थ्यांसह नागासाकी व हिरोशिमा येथे पाहणीला गेले.

नागासाकीच्या स्मशानभूमीत फुले ठेवण्यासाठी बांबूची नळकांडी होती. ती स्फोटाकडच्या बाजूनेच करपली होती. करपल्याच्या खुणांची दिशा व कोन मोजून स्फोटाची जागा आणि उंची काढता आली. हिरोशिमात पडलेली झाडे एका मध्यापासून बाहेर, चांदणीच्या किरणांसारखी पसरलेली दिसली.

हे गणित आपल्याला वर्गात करता येईल. अंधाऱ्या खोलीत एक उघडा बल्ब टांगा. जमिनीवर २० सेंमी उंचीच्या दोन काठ्या वेगवेगळ्या जागी उभ्या करा. सावल्यांच्या रेषा मागे वाढवल्या की त्या बल्बच्या बरोबर खाली मिळतात. या बिंदूपासून एका सावलीचे टोक १८० सेंमी दूर असेल आणि सावलीची लांबी ३० सेंमी असेल, तर समरूप त्रिकोणांवरून बल्बची उंची २० × १८० ÷ ३० = १२० सेंमी येते. मग टेपने मोजून पडताळा घ्या.

१९५३ मध्ये फुजिता अमेरिकेत शिकागो विद्यापीठात गेले. एप्रिल १९७४ मध्ये तेथे दोन दिवसांत सुमारे दीडशे टोर्नेडो झाले. विमानातून नुकसान पाहताना एके ठिकाणी त्यांना झाडे गोल फिरल्यासारखी नव्हे, तर मध्यापासून बाहेरच्या दिशेने पडलेली दिसली. त्यांना हिरोशिमा आठवले. येथे वारा फिरला नव्हता, वरून कोसळला होता!

२४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना एक विमान कोसळले आणि ११३ जण मृत्यू पावले. फुजितांनी कारण सांगितले ते असे : गडगडाटी ढगातून थंड हवा वेगाने खाली येते आणि फरशीवर ओतलेल्या पाण्यासारखी चहूकडे पसरते. उतरणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा लागतो व ते उचलले जाते. पुढच्याच क्षणी वारा मागून येतो, पंखांची उचल घटते आणि विमान खाली येते.

अनेक शास्त्रज्ञांना हे पटेना. मग १९७८ मध्ये शिकागोजवळ डॉप्लर रडार लावून शोध घेतला, तेव्हा असे झोत खरोखरच सापडले. पुढे अमेरिकेतील अनेक विमानतळांवर अशी रडार बसली, वैमानिकांना या संकटाचे प्रशिक्षण मिळू लागले आणि अशा अपघातांची संख्या खूपच कमी झाली.

पावसाळ्यात शाळेच्या वाटेवर झाडे पडलेली दिसली, तर विद्यार्थ्यांना ती कोणत्या दिशेला पडली आहेत हे कागदावर बाणांनी काढायला सांगू या. वारा दिसत नाही. पण तो कसा गेला हे झाडे सांगतात.