आरओ घेण्याआधी पाणी तपासा : आर्सेनिक निघते कसे?

अणदूरच्या वस्तीत विहारासाठी आरओ मशीन घ्यायचे ठरले, वर्गणीही सुरू झाली. "यातून आर्सेनिकसुद्धा निघतं," असे विक्रेता म्हणाला आणि आम्ही थबकलो. बोअरच्या पाण्यात आहे काय, हे आमच्यापैकी कुणीच तपासले नव्हते.

आर्सेनिकला रंग, वास, चव नसते. पाणी उकळले तर पाणी आटते, आर्सेनिक तेवढेच राहते. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की तळहात-तळपाय खरखरीत होतात, कातडीवर डाग येतात, कर्करोगाचा धोका वाढतो. भारतीय मानकानुसार मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम.

ते काढताना खरी अडचण त्याच्या रूपाची असते. प्राणवायू कमी असलेल्या भूजलात ते बहुधा विद्युतभार नसलेल्या रूपात असते. हे रूप तुरटीला दाद देत नाही, आरओच्या पडद्यातूनही काही प्रमाणात निसटते. म्हणून आधी क्लोरीन देऊन रूप बदलतात. मग फेरिक क्लोराईड किंवा तुरटी टाकली की ते गाळाला चिकटते. गाळ खाली बसवून पाणी वाळूतून गाळतात. लोहाच्या ऑक्साईडचे दाणे वापरूनही ते धरता येते, पण दाण्यांची क्षमता संपली की विष पुन्हा नळाला येते. चव तीच, त्यामुळे कळत नाही. आणि काढलेले विष नाहीसे होत नाही. ते गाळात किंवा आरओच्या सांडपाण्यात जाते. ते कुठे सोडणार, हे विक्रेत्याला विचारा!

पश्चिम बंगालमध्ये १९८३ पासून याचे रुग्ण नोंदले गेले. आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात कौडीकसा गावही यासाठी ओळखले जाते. मराठवाड्यात खाली काळा बेसॉल्ट आहे. इथे जास्त भेटतात ते क्षार आणि नायट्रेट. नायट्रेट येते शोषखड्ड्यातून, उकिरड्यातून, खतातून. त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम, आणि आर्सेनिकचे दाणे त्याला उपयोगाचे नाहीत.

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. आज त्याच हक्काने ग्रामपंचायतीकडे वस्तीच्या बोअरचा तपासणी अहवाल मागता येतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देताना आर्सेनिकची चाचणी वेगळी लिहून मागा.

आमची वर्गणी सध्या तशीच ठेवली आहे. मशीन घ्यायचे की शोषखड्डा बोअरपासून दूर हलवायचा, ते अहवाल आल्यावर ठरेल.