दिनविशेष १ ऑगस्ट: न्यूयॉर्कची सतार, एमटीव्हीचा झेंडा आणि दादरचे भगवानदादा

१ ऑगस्ट म्हटलं की मराठी घरांत दोन नावं हमखास निघतात. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठेंची जयंती. शाळेत ज्यांनी या दिवशी भाषण पाठ केलं असेल, त्यांना तारीख विसरणं शक्यच नाही! पण गाण्याबजावण्याच्या आणि सिनेमाच्या दुनियेतही हा दिवस चांगलाच भरगच्च आहे. चला, आधी न्यूयॉर्कला जाऊया.

१ ऑगस्ट १९७१, रविवार. मॅडिसन स्क्वेअर गार्डन नावाचं भलंमोठं सभागृह. दुपारी एक आणि रात्री एक, असे दोन कार्यक्रम आणि दोन्ही मिळून सुमारे ४०,००० श्रोते. बहुतेक जण आले होते जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन आणि रिंगो स्टार यांना ऐकायला. पण पडदा उघडल्यावर समोर बसले होते सतार घेऊन पंडित रविशंकर, सरोद घेऊन उस्ताद अली अकबर खाँ, तबल्यावर उस्ताद अल्लारखा आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती.

वाद्यं सुरात लावून झाली आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. रविशंकर हसले आणि म्हणाले, वाद्यं जुळवणंच तुम्हाला इतकं आवडलं असेल, तर प्रत्यक्ष वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. हा किस्सा आजही सांगितला जातो आणि लोक हसतात. पण त्या दिवशी मंचावर बसलेल्यांच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार फारसा कोणी करत नाही.

नोव्हेंबर १९७० मध्ये पूर्व पाकिस्तानला प्रचंड चक्रीवादळाने झोडपलं होतं. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच मार्च १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराची कारवाई सुरू झाली. लाखो माणसं सीमा ओलांडून भारतात येत होती. पावसाळ्यात, चिखलात, छावण्यांमध्ये कॉलरा पसरत होता. रविशंकर यांच्या वडिलांचं घराणं त्याच भागातलं. अली अकबर खाँ यांचा तर जन्मच तिथल्या शिवपूर गावचा. म्हणजे त्या दिवशी वाजवली गेलेली ‘बांगला धून’ हा पाहुण्या कलाकारांचा शिष्टाचार नव्हता. ती घरची बातमी होती.

रविशंकर यांना सुरुवातीला वाटलं होतं की एखादा कार्यक्रम करून २५,००० डॉलर्स जमले तरी पुष्कळ. त्यांनी मन मोकळं केलं ते शिष्य आणि मित्र जॉर्ज हॅरिसन यांच्याकडे. बीटल्स फुटून जेमतेम वर्ष झालं होतं आणि जॉर्ज हा स्वभावाने मंचापासून लांब राहणारा माणूस. तरीही त्याने फोन हातात घेतला आणि काही आठवड्यांत जगातले मोठमोठे कलाकार बिनपैशाने वाजवायला तयार केले. जॉन आणि पॉल मात्र आले नाहीत.

तिकिटांतून जवळपास अडीच लाख डॉलर्स जमले आणि युनिसेफला मिळाले. पुढे तीन तबकड्यांचा अल्बम निघाला, त्याला ग्रॅमी मिळाला, चित्रपटही आला. इथे मात्र घोळ झाला. अल्बम आणि चित्रपटाची कमाई धर्मादाय कामासाठी आहे, याची कागदोपत्री व्यवस्था आधी झाली नव्हती. अमेरिकेच्या कर खात्याने बोट ठेवलं आणि मोठी रक्कम अनेक वर्षं अडकून पडली. १६ डिसेंबर १९७१ ला बांगलादेश स्वतंत्र झाला, निर्वासित परतू लागले, तरी पैसा कचेऱ्यांमध्येच होता. पुढे १९८५ मध्ये ‘लाइव्ह एड’ झालं, तेव्हा आयोजकांनी विश्वस्त संस्था आधीच स्थापन करून ठेवली होती. माझ्या मते या कार्यक्रमाची सगळ्यात मोठी देणगी तिकिटांचे पैसे ही नव्हतीच. ‘बांगलादेश’ हा शब्द अमेरिकेतल्या तरुणांच्या तोंडी बसला, ही होती.

आणि आता एक विलक्षण योग पाहा. बंगालच्या दुःखावर गाणं करून दूरच्या लोकांना हलवण्याचं काम आपल्याकडे त्याआधी पंचवीसेक वर्षं झालं होतं. ते केलं याच तारखेला, १ ऑगस्ट १९२० रोजी, वाटेगावात जन्मलेल्या अण्णाभाऊ साठे यांनी. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर त्यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. शाळेची पायरी जेमतेम चढलेला, गावाहून वडिलांबरोबर चालत मुंबईला आलेला, गिरणीत राबलेला हा माणूस. त्याच्यासमोर झगमगते दिवे नव्हते. डफ होता आणि कामगार वस्तीतला मोकळा चौक.

पुन्हा अमेरिकेत. साल १९८१, रात्रीचे १२ वाजून १ मिनिट. अपोलो यानाच्या उड्डाणाची दृश्यं, चंद्रावर झेंडा, आणि झेंड्यावर तीन इंग्रजी अक्षरं. एमटीव्ही सुरू झालं! पहिलं गाणं लावलं ते बगल्सचं ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’. निवड खोडकर होती, यात शंका नाही. गंमत म्हणजे वाहिनीचं कार्यालय न्यूयॉर्कमध्ये, पण मॅनहॅटनच्या केबलवर ती दिसतच नव्हती. म्हणून कर्मचारी मंडळी शेजारच्या न्यू जर्सीतल्या एका रेस्टॉरंटमध्ये जमून आपलाच शुभारंभ बघत बसली.

गाणं ‘बघायचं’ असतं, हा शोध अमेरिकेला तेव्हा लागला असेल, आपल्याला नाही. मुंबई दूरदर्शनवर ‘छायागीत’ लागलं की चाळीतला टीव्ही असलेला एकमेव दरवाजा उघडा ठेवावा लागायचा, हे घरातल्या आजी-आजोबांना विचारा. १९९६ मध्ये एमटीव्हीची भारतीय वाहिनी आली, तीही लवकरच हिंदी गाण्यांकडे वळली.

बघण्याजोग्या गाण्यांचा विषय निघालाच आहे, तर आता दादरला येऊया. १ ऑगस्ट हा मीनाकुमारीचाही वाढदिवस, साल १९३३. पडद्यावर दुःखाची राणी, पण स्वतः शायरी लिहिणारी. खय्याम यांच्या संगीतासह तिने आपल्या कविता स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या, हे कित्येकांना ठाऊक नसतं. जमलं तर जरूर ऐका.

आणि १ ऑगस्ट १९१३ ला जन्मलेले भगवान आबाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा! गिरणी कामगाराचा मुलगा. कमी खर्चाचे मारधाडीचे सिनेमे काढता काढता १९५१ मध्ये त्यांनी ‘अलबेला’ काढला. दिग्दर्शक तेच, नायकही तेच. समोर गीता बाली, संगीत सी. रामचंद्र म्हणजे आपल्या चितळकरांचं. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट एका गाण्यात आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरच आले. ना उंची, ना शिडशिडीत बांधा, पण हे गृहस्थ नाचायला लागले की थिएटरमध्ये लोक पडद्याकडे नाणी उधळायचे.

मग जुहूचा बंगला आला, मोटारींचा ताफा आला. पुढचे सिनेमे पडले आणि सगळं गेलं. भगवानदादा परत दादरच्या चाळीत राहायला आले, मिळतील त्या छोट्या भूमिका करत राहिले आणि २००२ मध्ये तिथेच गेले. त्यांच्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट २०१६ मध्ये आला, मंगेश देसाईंनी त्यांची भूमिका केली. तो पाहायचा राहिला असेल तर आज पाहा. नाहीतर येत्या गणपतीच्या मिरवणुकीत नीट बघा. गुडघे किंचित वाकवून, हात हलवत, अंग फारसं न हलवता ठेक्यात पुढे सरकणारे एखादे काका दिसतीलच. ती चाल भगवानदादांची!