पाहुणे शब्द आणि सख्खे शब्द

हिवाळ्यात नंदुरबारच्या आसपास मोकळ्या मैदानांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या दिसतात. अशा जागेला तेथे 'पथारी' म्हणतात. उर्दूतील 'मिर्च' आणि मराठीतील 'मिरची' हे दोन्ही शब्द संस्कृत 'मरिच' या शब्दावरून आले. गंमत अशी, की 'मरिच' म्हणजे लाल मिरची नव्हे, तर काळी मिरी! लाल मिरची मूळची अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ती भारतात आणली. तिखट असल्यामुळे तिला मिरीचेच नाव मिळाले.

मिरीला इंग्रजीत 'पेपर' म्हणतात. (हा कागदाचा पेपर नव्हे!) हा शब्द संस्कृत 'पिप्पली' म्हणजे पिंपळी या शब्दापासून झाला. मसाल्याबरोबर तो ग्रीकांकडे गेला, मग रोमन लोकांकडे आणि शेवटी इंग्रजीत. असे शब्द व्यापाऱ्याच्या गोणीतून प्रवास करतात. ते पाहुणे शब्द होत.

पण काही शब्द पाहुणे नसतात, सख्खे भाऊ असतात. सर विल्यम जोन्स हे कलकत्त्याच्या न्यायालयात न्यायाधीश होते. त्यांना फारसी उत्तम येत असे. पुढे ते संस्कृतही शिकले. 2 फेब्रुवारी 1786 रोजी एशियाटिक सोसायटीपुढे त्यांनी सांगितले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात. फारसी आणि इंग्रजीही याच कुटुंबातल्या. म्हणून इंग्रजी ही संस्कृतची मुलगी नव्हे. फार तर दूरची बहीण.

हे नाते ओळखायचे कसे? उच्चारातील बदल नियमाने होतात. संस्कृतात जेथे 'स' असतो, तेथे फारसीत बहुधा 'ह' येतो. संस्कृत 'सप्त', फारसी 'हफ्त', इंग्रजी 'सेव्हन'. सात दिवसांचा तो हफ्ता. मराठीत तोच 'हप्ता' झाला. संस्कृत 'मास', फारसी 'माह', इंग्रजी 'मंथ'. आपला 'दरमहा' हा शब्द याच 'माह'पासून झाला. इंग्रजीने 'प'चा 'फ' केला : पितृ, पिदर, फादर. तसेच पाद, पा, फूट. 'पाजामा' या शब्दातील 'पा' म्हणजे हाच पाय!

मात्र नुसत्या सारखेपणावर विसंबू नका. 'बदनाम'मधील फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ एकच, उच्चारही जवळचा. तरी त्यांचे काही नाते नाही. 'बद'चे जुने, पहलवी भाषेतील रूप 'वद' असे होते. उलट संस्कृत 'चक्र', फारसी 'चर्ख' आणि इंग्रजी 'व्हील' पाहा. कानाला 'चक्र' आणि 'व्हील' अगदी परके वाटतात. पण हे तिन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत, आणि आपला चरखा त्याच 'चर्ख'पासून झाला आहे.