जळगावचे विमान व मुंबईची धावपट्टी

जळगाव-मुंबई विमानसेवा स्थिर का होत नाही, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः जळगावातच शोधले जाते. त्याचा निम्मा भाग तरी मुंबईत आहे. 'उडान' योजनेखाली 23 डिसेंबर 2017 रोजी एअर डेक्कनने वीसहून कमी आसनांचे विमान या मार्गावर सुरू केले. ती सेवा टिकली नाही.

मुंबईस धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या परस्परांस छेदतात. म्हणून एका वेळी एकीचाच उपयोग होतो. गर्दीच्या तासास 46 उड्डाणे व अवतरणे, म्हणजे सुमारे 78 सेकंदांस एक, असे प्रमाण होते. विलंब वाढल्यामुळे फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने ते 44 वर आणले. जड विमानामागे हवेत भोवरे राहतात. त्यामागून हलके विमान यावयाचे तर अंतर वाढवावे लागते. अर्थात अठरा प्रवाशांचे विमान एकशेऐंशी प्रवाशांच्या विमानाइतकाच, क्वचित अधिकही, वेळ अडविते. पांझरेकाठची फड पद्धती ज्यांस ठाऊक आहे त्यांस हे सहज उमजेल: एका फडात एकच पीक असले म्हणजे पाण्याच्या पाळ्या सुकर होतात.

साम्य मात्र येथेच संपते. विमानतळावर पाळीचा हक्क पूर्ववापरावरून ठरतो. मिळालेल्या पाळ्यांपैकी 80 टक्के वापरणाऱ्या कंपनीचा हक्क पुढील वर्षीच्या त्याच हंगामात कायम राहतो. नवागतास बहुधा अडनिडी वेळच मिळते. भर दुपारी मुंबईस पोहोचविणारे विमान जळगावच्या व्यापाऱ्यास काय कामाचे? रात्रीच्या रेल्वेने तो सकाळीच तेथे असतो!

गर्दीच्या वेळी शुल्क वाढवावे, हा अर्थशास्त्रज्ञांचा उपाय होय. 1968 साली न्यूयॉर्कच्या विमानतळांवर लहान विमानांचे गर्दीच्या वेळचे किमान शुल्क 5 डॉलरांवरून 25 डॉलर करताच खाजगी विमानांची ये-जा लक्षणीय घटली. उपाय तर्कशुद्ध खरा. परंतु मुंबईत तो जसाच्या तसा लावल्यास पहिला फटका जळगावसारख्या गावांस बसेल. 'उडान'ने उलट अवतरण-शुल्कच माफ केले. त्याने तिकीट स्वस्त होते, पाळी मिळत नाही.

आमच्या मते प्रादेशिक सेवांसाठी सकाळच्या काही पाळ्या राखाव्यात, मात्र सुमारे सत्तर आसनांच्या विमानांसाठीच. नवी मुंबईचा विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून वाहतुकीस खुला झाला आहे. तेथे जुने हक्क अद्याप साचलेले नाहीत. राखीव पाळ्या ठेवावयाच्या तर ते साचण्यापूर्वीच ठेवावयास हव्यात.