लिनक्स संगणकासाठी प्रिंटरची निवड व जोडणी

सुमारे १९८० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत एक नवा लेसर प्रिंटर आला. कागद अडकल्यास सर्वांना सूचना मिळावी, अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांनी तेथील जुन्या प्रिंटरच्या आज्ञावलीत केली होती. नव्या यंत्राची मूळ आज्ञावली मात्र त्यांना मिळू शकली नाही. १९८३ साली त्यांनी जाहीर केलेल्या 'ग्नू' या मुक्त आज्ञावलींच्या प्रकल्पामागे हा अनुभवही होता. १९९१ पासून विकसित होत आलेली लिनक्स प्रणाली ग्नूच्या आज्ञावलींसह वापरली जाऊ लागली. प्रिंटर निवडताना त्या जुन्या अनुभवाचा बोध आजही उपयोगी पडतो.

संगणकावरील मजकूर प्रिंटरला समजेल अशा स्वरूपात बदलण्याचे काम ड्रायव्हर नावाची आज्ञावली करते. काही स्वस्त प्रिंटर पानाची मांडणी स्वतः करू शकत नाहीत. ते काम संगणकाला उत्पादकाच्या खाजगी पद्धतीने करावे लागते. उत्पादकाने लिनक्ससाठी ड्रायव्हर पुरविला नाही, अथवा पुरविलेला अद्ययावत ठेवला नाही, तर धडधाकट यंत्रही निरुपयोगी ठरते.

यावरील उपाय म्हणजे खुल्या मानकानुसार चालणारा प्रिंटर निवडणे. लिनक्सवर छपाईची व्यवस्था सामान्यतः 'कप्स' ही १९९९ साली प्रसिद्ध झालेली प्रणाली पाहते. 'आयपीपी एव्हरीव्हेअर' किंवा 'एअरप्रिंट' यांचा उल्लेख असलेला प्रिंटर कागदाचे आकार, रंग, दुहेरी छपाई इत्यादी माहिती स्वतःच संगणकास कळवितो. त्यास वेगळा ड्रायव्हर लागत नाही. छपाई अधूनमधूनच होणार असेल, तर शाई सुकण्याचा धोका नसलेला लेसर प्रिंटर अधिक सोयीचा.

जोडणी करताना प्रिंटर व संगणक एकाच नेटवर्कवर असावेत. सेटिंग्जमधील प्रिंटर विभागात यंत्राचे नाव बहुधा आपोआप दिसते. न दिसल्यास ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट हा पत्ता व ६३१ हा पोर्ट क्रमांक देऊन कप्सचे पान उघडावे आणि तेथून प्रिंटर जोडावा. त्यासाठी प्रशासकाचा परवलीचा शब्द लागू शकतो. कागदाचा आकार 'लेटर' असल्यास तो बदलून 'ए-४' करावा. अन्यथा समास बिघडतात किंवा यंत्र दुसऱ्या कागदाची मागणी करीत थांबते. चाचणी मराठी मजकुराने घ्यावी. जोडाक्षरे पडद्यावर नीट, परंतु कागदावर विस्कळीत आल्यास टंक अंतर्भूत केलेली पीडीएफ प्रत तयार करून ती छापावी.

ही दक्षता खरेदीपूर्वीच घेणे हितावह होय. कार्यालयाच्या मागणीपत्रात 'ड्रायव्हरविना, खुल्या मानकानुसार लिनक्सवर छपाई' ही अट स्पष्ट नमूद करावी आणि यंत्र स्वीकारण्यापूर्वी प्रत्यक्ष छपाई करून पाहावी.