'होता' की 'आहे'? बालकथेतील काळाचा प्रश्न

'आटपाट नगर होते' असे कानी पडताच मूल सावरून बसते. 'होते' या क्रियापदात एक हमी दडलेली असते. संकट येऊन गेले आहे आणि ते सांगायला कुणीतरी उरले आहे. म्हणूनच राक्षस कितीही भयंकर असला, तरी ऐकणारे मूल निर्धास्त असते.

भूतकाळाचा दुसरा लाभ समजुतीचा. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'मध्ये मोठा झालेला श्याम आपले बालपण सांगतो. आईचे जे मोल तेव्हा उमगले नाही, ते आता उमगले आहे. वर्तमानकाळात 'तेव्हा' आणि 'आता'मधले हे अंतरच उरत नाही.

मात्र, काही कथांना ते अंतर नकोच असते. सुझन कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स' (२००८) या किशोर कादंबरीची नायिका प्रत्येक क्षण घडत असतानाच सांगते. ती जगेल याची हमी वाचकाला मिळत नाही. चित्रपुस्तकातही 'ससा उडी मारतो' हेच शोभते, कारण चित्रातली उडी डोळ्यांसमोरच असते.

वर्तमानकाळाच्या अतिवापरावर ब्रिटिश लेखक फिलिप पुलमन यांनी २०१० मध्ये टीका केली होती. पूर्वी काय घडले, नेहमी काय घडत असे, हेही लेखकाने सांगावे, असा त्यांचा आग्रह होता. मराठीत तर त्यासाठी 'आजी रोज गोष्ट सांगे' असा रीतिभूतकाळ हाताशी आहे.

गोष्ट कोण सांगतो आणि केव्हा सांगतो, हे ठरले की काळही ठरतो.